फीचा कागद

कादंबरी लिहिणाऱ्याने काय वाचावे याविषयी जाणकारांची मते पुष्कळ आहेत. पण महाविद्यालयांची माहितीपत्रके वाचावीत, असे कुणी सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही. मी मात्र गेली काही वर्षे ती मोठ्या गोडीने वाचतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर निळे आकाश, त्याखाली काचेची इमारत आणि हिरवळीवर हसत बसलेली मुले-मुली, हे सारे लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखे असते. असावेच लागते, म्हणून असते. आतले पहिले पान अध्यक्षांचे, दुसरे प्राचार्यांचे. ती मी भराभर उलटतो. खरी कादंबरी सुरू होते ती शेवटच्या पानावर, फीच्या तक्त्यात.

मी स्वतः दहावीच्या पुढे गेलो नाही. महाविद्यालय मी पाहिले ते कुंपणाबाहेरून. तरीही तालुक्याच्या गावी शाळामास्तर, आणि त्यातून पुस्तके लिहिणारा, म्हणजे कसलाही कागद वाचता येणारा माणूस अशी माझी ख्याती आहे. त्यामुळे बारावीचे आणि प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले, की माझ्या ओटीवर फीचे कागद घेऊन माणसे येऊ लागतात. त्यांतल्या दहांपैकी सात कागदांवर अलीकडे दोनच शब्द ठळक असतात : संगणक, नाही तर माहिती तंत्रज्ञान. बांधकाम आणि यंत्र या शाखांना एके काळी केवढा मान होता! आज मुलाला 'मेकॅनिकल' मिळाले असे सांगताना बापाचा आवाज किंचित खाली येतो. २०२४-२५ या वर्षापासून तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा उठवली, तेव्हापासून तर संगणकाच्या तुकड्या मळ्यातल्या भोपळ्याच्या वेलासारख्या पसरत चालल्या आहेत.

तर तो तक्ता. वर लिहिलेले असते : 'माहिती तंत्रज्ञान, प्रवेशक्षमता ६०'. खाली आडव्या ओळी, उभे रकाने; आणि त्या रकान्यांत एकाच बाकाच्या पाच-सहा किमती. बाक तोच, फळा तोच, शिकवणारा प्राध्यापकही तोच. पण बसणारा कोण, यावर किंमत ठरते. आठवड्याच्या बाजारात गिऱ्हाईक पाहून भाव सांगणाऱ्याला आपण नावे ठेवतो. इथे गिऱ्हाईक पाहून भाव सांगणे हाच न्याय आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. सर्वांना एकच भाव सांगितला असता, तर त्या साठ बाकांवर कोण बसले असते हे सांगायला ज्योतिषी नको.

हा तक्ता एका दिवसात तयार झाला नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर इंजिनियर व्हायचे तर मोजक्या सरकारी नाही तर जुन्या नावाजलेल्या महाविद्यालयांत जागा मिळवावी लागे, नाही तर कर्नाटकाची वाट धरावी लागे. ती वाट आपल्याच जिल्ह्यात आली. पण फीही बरोबर घेऊन आली. फी किती घ्यावी यावर पुढे वीस-बावीस वर्षे न्यायालयांत वाद चालले. १९९३ च्या निकालाने निम्म्या जागा 'मोफत' आणि निम्म्या 'सशुल्क' केल्या. म्हणजे मोफत बसणाऱ्याचा भार सशुल्क बसणाऱ्याने उचलायचा. २००२ च्या निकालाने ती पद्धत मोडली. मग फी ठरवायला समित्या आल्या, आणि २०१५ साली राज्याने कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण नेमले. महाविद्यालयाने आपला तपासलेला हिशेब पुढे ठेवायचा, आणि प्राधिकरणाने खर्चाला विद्यार्थ्यांच्या संख्येने भागून फी मंजूर करायची. म्हणून दर महाविद्यालयाची फी निराळी. खासगी ठिकाणी वर्षाला लाखभर रुपये ही आज साधी गोष्ट आहे. नामवंत ठिकाणी दीड-दोन लाख आणि त्याहूनही वर. हे गणित चार वर्षांचे, हे विसरायचे नाही.

आता त्या बाकांवर कोण कोण बसते, ते पाहा. गुणवत्ता यादी उघडली, की तीत माणसांची नावे शोधू नयेत. तिथे सांकेतिक अक्षरे असतात. आरंभी 'जी' असेल तर जागा सर्वसाधारण, 'एल' असेल तर मुलींची; मधली अक्षरे जातीच्या प्रवर्गाची; शेवटी 'एच' म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातला, 'ओ' म्हणजे बाहेरचा. आपले सगळे समाजशास्त्र पाच-सहा अक्षरांत बसवलेले! अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची फी सरकार भरते, भटक्या-विमुक्तांचीही भरते. इतर मागासवर्गाच्या मुलाची निम्मी. खुल्या वर्गातल्या मुलाच्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून त्याचीही निम्मी. शिवाय क्षमतेच्या बाहेर शेकडा पाच, म्हणजे साठांवर तीन जागा अशा, की तिथे शिक्षण शुल्कच नाही. त्यांवर बहुधा यादीतली हुशार आणि गरिबाघरची मुले जातात. आणि संस्थेच्या कोट्यातल्या जागा असतात. तिथे सवलत नसते, आणि बापाचा चेहराही सहसा माझ्या ओटीवर दिसत नाही.

वर्गातल्या मुलांना एकमेकांच्या किमती ठाऊक असतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, की पहिल्याच आठवड्यात शेजारच्याने त्याला विचारले, "तू कितीत बसलास?" नाव विचारले ते मागाहून. पूर्ण फी भरणाऱ्या मुलाच्या मनात कुठे तरी सल राहतो, आणि न भरणाऱ्याच्या मनात दुसराच एक. पहिल्याला वाटते, मी याचे पैसे भरतो. दुसऱ्याला वाटते, हा मला ते बोलून दाखवील. दोघेही आपापल्या परीने चुकतात, कारण दोघेही एकच कागद वाचत असतात. फीच्या कागदावर फक्त शेवटचा हप्ता लिहिलेला असतो. त्याच्या आधीचे हप्ते कुणी लिहीत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे लातुरात खोली घेऊन शिकवणीला राहिलेला मुलगा आणि रोज पहाटेची एसटी धरून तालुक्याच्या कॉलेजात जाणारा मुलगा एकाच प्रवेशपरीक्षेला बसतात. पहिल्याच्या बापाने दोन वर्षांत काय मोजले, आणि दुसऱ्याने काय मोजले, हे कुठल्या तक्त्यात यायचे?

तरी या सगळ्या किमतींत मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते एका शून्याने. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला, की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुली केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आल्या, तर त्यांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी ते निम्मे माफ होते. निम्म्याचे शून्य झाले. ज्या देशात २०२०-२१ सालच्या सरकारी पाहणीत बी. टेक. करणाऱ्या शंभरांत तीसही मुली भरल्या नाहीत, तिथे ही लहान गोष्ट नव्हे. पुण्यात महर्षी कर्वे यांच्या संस्थेने १९९१ साली खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, तेव्हा मुलीने इंजिनियर होणे हेच नवल होते. आज संगणकाच्या वर्गात पाहावे तर इतर शाखांपेक्षा मुली दाट दिसतात. लोक म्हणतात, हे काम मुलींना सोयीचे, बसून करायचे. पण अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत शंभरी सदतीस मुली होत्या, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्या निम्म्यावर आल्या. काम तेव्हाही बसूनच करायचे होते! तेव्हा मुलींची संख्या आपोआप वाढते आणि वाढतच राहते, असे धरून चालण्यात अर्थ नाही. कुणी तरी दार धरून उभे राहावे लागते.

त्याच वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वडापची जीप चालवतात, दीड एकर ऊस आहे, दोन म्हशी आहेत. त्यांची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. पुण्याच्या बाजूला एका महाविद्यालयात तिला माहिती तंत्रज्ञान मिळाले होते. ती दाराशी उभी, बाप पाटावर, आणि मधे कागद.

"गुर्जी, पोरीची फी माफ हाय म्हनत्यात, खरं का?"

"खरं आहे. हे पाहा, शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य."

"मग ह्ये खाली येवढं काय लिवलंय?"

मी चष्मा पुसला आणि खालचे वाचू लागलो. विकास शुल्क व किरकोळ मिळून चौदा हजार. अनामत पाच हजार, पदवी झाल्यावर परत. वसतिगृह साठ हजार. खानावळ महिना साडेतीन हजार, दहा महिन्यांचे पस्तीस हजार. 'विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असणे आवश्यक' असे एक वाक्य होते, त्याला किंमत लिहिलेली नव्हती. ती मुलीने सांगितली, अठ्ठेचाळीस हजार. मी बेरीज मांडली : १,६२,०००. जाण्यायेण्याचे भाडे, पुस्तके, कपडे धरले नव्हते.

गृहस्थ बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दीड म्हैस, आन वर एक रेडकू."

यावर मी हसलो असतो. पण ते हसत नव्हते. त्यांनी फक्त आपल्या मापाने मोजले होते.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "खानावळ नको, अण्णा. मी खोलीवर करून खाईन."

ते ऐकून मी चमकलो. दोन वर्षांपूर्वी, २०२२ साली, याच पाटावर याच बापाशेजारी तिचा थोरला भाऊ बसला होता. त्यालाही संगणकाचीच जागा मिळाली होती. निम्मी फी सरकार भरणार होते. उरलेली निम्मी कशीबशी उभी राहिली असती, पण त्या महाविद्यालयाने सांगितले, की सरकारचे पैसे येईपर्यंत तीही निम्मी तुम्हीच ठेवा, आल्यावर परत करू. तिथे गाडी अडली. मुलगा आयटीआयला गेला आणि आता औद्योगिक वसाहतीत लेथवर आहे. त्या दिवशी खर्चाचा विचार झाला तेव्हा 'मी खोलीवर करून खाईन' असे त्याला सुचले नव्हते, आणि आम्हां मोठ्यांनाही त्याला विचारावेसे वाटले नव्हते. मुलीला ते कुणी न विचारता सुचले. पैशाने जी रक्कम भरता येत नाही ती स्वतःच्या वेळेने भरायची, हे आपल्याकडे मुलींना शिकवावे लागत नाही.

आणि वेळ ही काही किरकोळ रक्कम नव्हे. संगणकाचे शिक्षण तासाच्या घंटेने होत नाही, असे शिकणारे सांगतात. प्रोग्रॅम चालत नाही, का चालत नाही ते कळत नाही, रात्री अकरा वाजता कुणी तरी सोबती शेजारी येऊन बसतो आणि एका स्वल्पविरामाची चूक सापडते. मुलांच्या खोल्यांतून हे पहाटेपर्यंत चालते. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक पुष्कळ ठिकाणी त्याआधीच बंद झालेले असते. त्यात सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक धरा. फीच्या तक्त्यात मुलीच्या नावापुढे शून्य आहे, मुलाच्या नावापुढे पन्नास-साठ हजार आहेत. तरी वर्षाच्या शेवटी कुणी अधिक भरले हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

एवढ्यावरून कुणी असे समजू नये, की मी त्या शून्याला कमी लेखतो. उलट, त्या शून्यानेच बाप माझ्या ओटीवर आला. मुलीची फी निम्मी असती, तर तो आलाच नसता; तालुक्याला बी. ए. करून तिचे लग्न झाले असते. 'फुकट आहे म्हणून पाठवतो' असे म्हणणाऱ्या बापांची टर उडवणारे शहाणे मी पाहिले आहेत. मला त्यात टर उडवण्यासारखे काही दिसत नाही. मुलीला शिकवावे हा विचार पुष्कळ घरांत असतो. तो बोलून दाखवायला निमित्त लागते. सरकारने निमित्त दिले. पण निमित्त म्हणजे प्रवासाची शिदोरी नव्हे.

शिदोरीचा विचार ज्यांनी केला ते लोक आपल्याच मातीतले होते. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले ते १९१७ साली. पण त्याच्या सोळा वर्षे आधी, १९०१ साली, कोल्हापुरात पहिले विद्यार्थी वसतिगृह उभे राहिले होते, आणि मागाहून जातीजातींची वसतिगृहे निघाली. आधी छप्पर आणि भाकरी, मग फी! खेड्यातून आलेल्या पोराला शाळेची फी अडवत नाही, रात्र अडवते, हे त्या राजाला कळले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याचे वसतिगृह चालवताना घरात दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते फीसाठी नव्हे, पोरांच्या जेवणासाठी. आज शाहूंचे नाव फीच्या योजनेला आहे. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही योजना आहे, आणि अनुसूचित जातींच्या मुलांसाठी 'स्वाधार' आहे. म्हणजे सरकारला ठाऊक नाही असे नाही. पण भत्त्याला अटी असतात, अर्ज असतात, आणि खानावळीचा मालक महिन्याच्या पाच तारखेला येतो; भत्ता त्याच्या सवडीने येतो. फी माफ करायची तर एक कागद पुरतो, कारण तो व्यवहार सरकार आणि संस्था यांच्यातला. भाकरी द्यायची तर ती रोज द्यावी लागते.

त्या दिवशी बापाने जाता जाता आणखी एक प्रश्न विचारला. "गुर्जी, शिकून नोकरी हाय का? आता म्हनं यंत्रच प्रोग्रॅम लिवतंय." मी खोटा धीर दिला नाही. चार वर्षांनी पुण्याच्या हिंजवडीत कुणाला काय मिळेल, हे तिथल्यांनाही सांगता येत नाही. मी तर शाळामास्तर. मी एवढेच म्हणालो, की यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे कळायलाही कुणी तरी शिकलेले लागेल. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. पण मुलगी गेली. म्हैस एकच विकली. लॅपटॉप भावाने घेतला, बारा हप्त्यांवर. मला तो बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "हप्ता माझ्याकडं लागला, गुर्जी. घरात एक तरी कंप्युटर आला." त्यात कडवटपणा होता का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधले. होताही, आणि नव्हताही. दिवाळीला बहीण घरी आली, की चार दिवस तो लॅपटॉप त्याच्या मांडीवर असतो, असे त्याची आई सांगते. त्या चार दिवसांत बहीण शिकवते आणि भाऊ शिकतो. या विद्यार्थ्याची नोंद कुठल्याही प्रवर्गात नाही.

यंदाच्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाचा कागद घेऊन गृहस्थ पुन्हा आले. पाटावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"फी अजून माफच हाय न्हवं?"

"आहे."

"मग खालचं वाचा," ते म्हणाले.

मी चष्मा लावला आणि खालचे वाचू लागलो.